कल्हई उडालेला जोड

तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई घंगाळातलं पाणी तळहाताने पाहत नाही, कोपराने पाहते. चुलीशी आणि भांड्यांशी झटून तळहात निबर झालेला असतो. कोपराची कातडी मऊ असते, पाणी किती ऊन आहे ते तिला चटकन कळतं. कोपराला पाणी चटकलं की बाई त्यात विसण घालते, पुन्हा कोपर बुडवते आणि मगच बाळाला पायांवर घेते. न्हाणीघरातला सगळा कारभार त्या एका स्पर्शाच्या भरवशावर चालतो.

कपडे वाळवणाऱ्या ड्रायरलाही असं एक कोपर असतं. मुगाच्या दाण्याएवढा एक मणी आणि त्यातून निघालेल्या दोन तारा, एवढंच त्याचं रूप. आतली हवा किती तापली हे यंत्राला सांगायचं काम त्याचं. हीटर केव्हा लावायचा, केव्हा बंद करायचा आणि कपडे वाळत आले की नाही, हे ठरवताना यंत्र त्याच्यावर विसंबून असतं. म्हणून ड्रायरच्या पडद्यावर ‘तापमान सेन्सर दोष’ अशा अर्थाचा कोड उमटतो तेव्हा यंत्र काहीतरी गंभीर सांगत असतं. पण ते नेमकं काय सांगतंय हे समजून न घेता तो मणी काढून फेकला, तर पुष्कळदा निरपराधाला शिक्षा होते आणि खरा दोष आत तसाच राहतो.

जुलैमधला फोन

ठाण्यातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे लेक बाळंतपणाला आली होती. दिवसाला वीस-पंचवीस दुपटी, लंगोट, झबली. बाहेर पावसाची झड लागलेली. मुंबई-ठाण्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वरच असते. अशा हवेत दांडीवर टाकलेलं दुपटं दोन दिवसांनीही दमटच राहतं आणि त्याला कुबट वास येतो. काकूंच्या आईच्या काळी कोकणात यावर तोडगा होता: शेगडीत निखारे घालायचे, त्यावर बांबूची टोपली उपडी ठेवायची आणि टोपलीवर बाळाचे कपडे पसरायचे. कपडे करपू नयेत म्हणून घरातलं कोणीतरी शेजारी बसून राहायचं. आता ते काम काकूंच्या ड्राय बाल्कनीतल्या ड्रायरकडे होतं, आणि तो रुसला होता.

“अरे, जरा खाली येऊन जातोस का?” काकू फोनवर म्हणाल्या. “ड्रम फिरतो, पण आत ऊबच नाही. दहा-बारा मिनिटांनी तो कोड येतो आणि बंद पडतं.”

“काकू, आधी प्लग काढून ठेवा. मी येतोच.”

तोवर घडलेलं असं. पहिल्यांदा कोड आला तेव्हा मेकॅनिकने पुस्तिकेप्रमाणे तापमानाचा सेन्सर बदलला, तरी कोड कायम राहिला. मग आतला थर्मल फ्यूज, म्हणजे यंत्र फार तापलं की हीटर तोडणारा भाग, उडालेला त्याच्या लक्षात आला. तो बदलल्यावर ड्रायर सुरू झाला आणि पंधरा दिवस व्यवस्थित चालला. नंतर पुन्हा तोच प्रकार, फ्यूज पुन्हा उडालेला. “आता पीसीबीच बदलावा लागेल,” म्हणजे नियंत्रण करणारा बोर्डच, असं मेकॅनिक म्हणाला होता. तो माणूस प्रामाणिक होता. काढलेला जुना सेन्सर त्याने पिशवीत घालून काकूंकडे ठेवून दिला होता, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. तेव्हा ती मला किरकोळ वाटली. “दोन्ही वेळा ना, कपडे वाळत आले होते तेव्हाच बंद पडलं. अगदी शेवटी.”

पाणी जाईपर्यंत

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट ऊर्जा लागते. पाच किलो सुती कपडे धुलाई यंत्रात चांगले पिळून निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतं. म्हणजे निव्वळ त्या पाण्याची वाफ करायला जवळजवळ दोन युनिट हवीत. ड्रायरमध्ये हीटर हवा तापवतो, पंखा ती ड्रममधून फिरवतो, ऊन हवा कपड्यांतली ओल घेऊन बाहेर पडते. व्हेंटेड ड्रायर ती दमट हवा नळीवाटे घराबाहेर सोडतो. कंडेन्सर ड्रायर ती थंड करून तिच्यातलं पाणी टाकीत जमा करतो. हीट पंप ड्रायर हेच काम करताना थंड करून काढलेली उष्णता पुन्हा हवा तापवायला वापरतो, म्हणून त्याला वीज कमी लागते. काकूंचा ड्रायर कंडेन्सर जातीचा होता.

कपडे ओले असतात तोवर हीटरची बहुतेक उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, त्यामुळे ड्रममधली हवा फार तापत नाही. माठाच्या अंगातून पाणी पाझरत असतं तोवर माठ गार राहतो, तसंच हे. पण ओल संपत आली की उष्णतेला दुसरं काम उरत नाही आणि तापमान झपाट्याने चढू लागतं. ड्रायरमधल्या सेन्सरची खरी परीक्षा या शेवटच्या टप्प्यात होते. पहिला तासभर सेन्सर थोडा चुकला तरी पाणीच कपड्यांना सांभाळून घेतं. काकूंचं “अगदी शेवटी” मला नंतर आठवलं ते यामुळे.

उलटा वागणारा मणी

सेन्सरच्या त्या मण्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो. तांब्याची तार तापवली की तिचा रोध वाढतो. उष्णतेने धातूतले अणू अधिक थरथरतात आणि धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत जास्त येतात. ड्रायरमधला थर्मिस्टर याच्या नेमका उलट वागतो, तापला की त्याचा रोध कमी होतो. हे उलटं वागणं मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात टिपलं होतं. अशा पदार्थांत मोकळे विद्युतकण मुळातच कमी असतात, उष्णता मिळाली की ते अधिकाधिक सुटे होतात आणि वीज सहज वाहू लागते. व्यवहारात वापरता येईल असा थर्मिस्टर यायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. तो सॅम्युएल रूबेन यांनी १९३० मध्ये केला. आजचे थर्मिस्टर मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांची पूड दाबून आणि कुंभाराच्या भांड्यांसारखी भट्टीत भाजून घडवतात.

घरगुती यंत्रांत फार आढळणारा थर्मिस्टर २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम, म्हणजे दहा हजार ओहम रोध दाखवतो. काकूंच्या ड्रायरमध्ये तोच होता. त्याचा तक्ता साधारण असा: शून्य अंशाला सुमारे ३३ किलोओहम, ४० अंशांना ५.३, ६० अंशांना २.५ आणि ७० अंशांना १.८ किलोओहम. हा उतार सरळ नाही, हे लक्षात ठेवायला हवं. शून्यापासून २५ अंशांपर्यंत रोध तेवीस हजारांनी उतरतो, पण ६० ते ७० या दहा अंशांत जेमतेम सातशे ओहमचा फरक पडतो. तापलेल्या यंत्रात थोड्याशा ओहमांवर बरेच अंश अवलंबून असतात. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या एका वाक्यात आहे.

बोर्डाला काय दिसतं

नियंत्रण करणाऱ्या बोर्डाला ओहम थेट कळत नाहीत, तो व्होल्ट मोजतो. त्यासाठी बोर्डावरचा १० किलोओहमचा एक पक्का रोधक आणि हा थर्मिस्टर एकापाठोपाठ जोडून दोघांना मिळून ५ व्होल्ट देण्याची एक साधी रचना असते. ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. २५ अंशांना दोघं सारखे, म्हणून थर्मिस्टरवर २.५ व्होल्ट. ६० अंशांना थर्मिस्टरचा रोध उतरलेला, म्हणून त्याच्यावर साधारण १ व्होल्ट. बोर्ड हा आकडा वाचतो आणि तक्त्यातून अंश काढतो.

आता एक तार तुटली असं समजा. रोध अमर्याद झाला, बोर्डाला पूर्ण ५ व्होल्ट दिसले. तक्त्याच्या भाषेत याचा अर्थ भयंकर गारठा. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर बोर्डाला शून्य व्होल्ट दिसतील, म्हणजे भट्टीची उष्णता. बोर्ड भोळा असता तर तार तुटल्यावर ‘फार गार आहे’ असं समजून त्याने हीटर कायमचा लावून ठेवला असता. म्हणून यंत्र घडवणाऱ्यांनी त्याला शिकवून ठेवलेलं असतं की माणसाच्या घरात अशक्य असलेला आकडा आला तर तो खरा मानायचा नाही, हीटर तोडायचा आणि कोड दाखवायचा. ड्रायर अडून बसतो तेव्हा आपली चिडचिड होते, पण तो अडतो म्हणूनच घर सुरक्षित राहतं.

याशिवाय बोर्ड आणखी एक गोष्ट पाहत असतो. हीटर चालू केल्यावर ठरावीक वेळात तापमान चढलं पाहिजे. चढलं नाही तर काही यंत्रं तेव्हाही तापमानाचाच कोड दाखवतात. अशा वेळी सेन्सर खरंच बोलत असतो: हवा गार आहे. हीटर जळाला असेल किंवा थर्मल फ्यूज उडाला असेल तर हवा तापणार कुठून? काकूंकडे पहिल्यांदा हेच झालं होतं. बातमी सेन्सरने दिली आणि बदली त्याचीच झाली. जुना सेन्सर पिशवीतून काढून मी मोजला तेव्हा तो पूर्ण धडधाकट निघाला.

आधी हवा

तपासणीची सुरुवात मल्टिमीटरने करायची नाही, हवेच्या वाटेने करायची. लवेची जाळी काढून पाहा. जाळीतून निसटलेली कपड्यांची लव आतल्या मार्गात, कंडेन्सरच्या पात्यांत आणि व्हेंटेड ड्रायरच्या नळीत साठत जाते. हवा अडली की हीटरजवळचा भाग तापतो, कपडे ओलेच राहतात आणि सेन्सरला जे दिसतं ते सगळ्या यंत्राचं खरं चित्र नसतं. लव ही कापसाच्या वातीइतकी सहज पेटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांसाठी केलेल्या अंदाजानुसार तिथे घरगुती ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगींची नोंद होत होती, आणि त्यांतलं पहिलं कारण होतं ड्रायरची सफाई न करणं, ३४ टक्के. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या अठरा मजली इमारतीला लागलेली आगही सातव्या मजल्यावरच्या एका ड्रायरपासून पसरली होती.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी बहुधा व्हेंटेड ड्रायर असतो आणि त्याची नळी भिंतीतून किंवा तळघरातून बाहेर जाते. तिथल्या निवासी बांधकामाच्या आदर्श नियमावलीत या नळीची लांबी साधारण ३५ फुटांपर्यंत धरली आहे, आणि प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातली लांबी कमी केली जाते, कारण वळणावर हवा मंदावते आणि लव बसते. तापमानाचा कोड आला की त्यांनी बाहेरच्या भिंतीवरची झडप उघडते का, तिच्यात पक्ष्याने घरटं केलंय का, हे आधी पाहावं.

काकूंची जाळी स्वच्छ होती. कंडेन्सर काढून नळाखाली धरला तेव्हा थोडी लव निघाली, पण फ्यूज उडावा एवढी नव्हती.

एकच माप, दोन टोकांना

यापुढचं काम ज्यांना यंत्राचा पत्रा उघडायची सवय आहे त्यांनीच करावं. हमीची मुदत बाकी असेल तर यंत्र मुळीच उघडू नये. उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. यंत्र निवलेलं हवं. हीट पंप आणि इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले असतात, तिथे जाणकारालाच हात घालू द्यावा. या प्रकरणातलं प्रत्येक मोजमाप वीज तोडलेल्या यंत्रावरच करायचं आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर सहज मिळतो. रोध मोजताना दोन्ही टोकांचा धातू बोटांनी धरू नये, कारण आपल्या शरीरातूनही थोडा प्रवाह वाहतो आणि माप कमी येतं.

सेन्सरपासून बोर्डापर्यंत दोन तारा जातात. बहुतेक जण सेन्सर काढतात, हातात धरून मोजतात आणि तो ठीक निघाला की बोर्डाला दोषी ठरवतात. मधल्या वाटेची चौकशी होतच नाही. म्हणून तेच माप दोन ठिकाणी घ्यायचं. आधी बोर्डाजवळचा कनेक्टर सोडवून त्याच्या तारांवर, म्हणजे सेन्सर आणि सगळी वायरिंग मिळून. नंतर सेन्सरपाशी कनेक्टर सोडवून फक्त सेन्सरवर. दोन्ही आकडे सारखे आले तर वाट निर्दोष. वेगळे आले तर दोष वाटेत.

त्या संध्याकाळी ड्राय बाल्कनीत तापमान होतं २७ अंश. तक्त्याप्रमाणे या तापमानाला सुमारे ९.२ किलोओहम यायला हवेत. बोर्डाजवळ मोजलं तर ११.२ आले. सेन्सरपाशी ९.२.

दोन हजार ओहम वाटेत कुठेतरी बसले होते. धडधाकट तारेचा रोध एक ओहमही नसतो.

टॉर्च घेऊन वायरिंगचा माग काढला. यंत्राच्या तळाशी, पाण्याच्या टाकीखाली तारांचा एक मधला जोड होता. तो सोडवला तेव्हा त्याच्या पिना दिसल्या: एक काळपट, दुसरीच्या कडेला हिरवट थर.

हा थर मराठी घराला अनोळखी नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते, आणि भांड्याच्या अंगावर हिरवट कळंक चढतो. कनेक्टरच्या पिनाही बहुधा पितळेच्या असतात आणि त्यांच्यावर कथिलाचा पातळ थर दिलेला असतो. म्हणजे त्याही कल्हईच केलेल्या असतात, शब्दशः. ड्रम फिरताना यंत्र थरथरतं. त्या थरथरीने पिना एकमेकींवर केसभर घासत राहतात, कल्हई झिजते, उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर धरतो आणि पुढच्या घासण्याने तो थर आणखी पसरतो. टाकीतला एखादा थेंब आणि खाडीकाठची खारी, दमट हवा मिळाली की हे काम लवकर होतं. त्या थराची जाडी डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही, पण विजेच्या वाटेत तो दोन हजार ओहमचा बांध घालून बसतो.

दोन हजार ओहमचं गणित

आता प्रश्न असा की दोन हजार ओहमांनी एवढं काय बिघडतं? मेकॅनिकने मोजलं असतं तरी थंड यंत्रात त्याला ११ किलोओहमच्या आसपास आकडा दिसला असता, आणि ‘दहा हजाराच्या जवळ आहे, ठीक आहे’ असं म्हणून त्याने पुढे पाहिलं असतं. गार असताना चूक खरोखरच लहान असते. २५ अंशांना सेन्सरचे १० आणि बांधाचे २ मिळून १२ किलोओहम होतात, आणि बोर्ड ते २१ अंश म्हणून वाचतो. फरक अवघा चार अंशांचा.

पण यंत्र तापू लागलं की सेन्सरचा रोध उतरत जातो आणि बांधाचे दोन हजार मात्र जिथल्या तिथे राहतात. ६० अंशांना सेन्सरचे २.५ अधिक २, म्हणजे ४.५ किलोओहम. बोर्ड हे वाचतो ४४ अंश. चार अंशांची चूक सोळा अंशांवर गेली. बोर्डाला ६० अंश हवे आहेत, म्हणून तो हीटर चालूच ठेवतो. त्याला ६० दिसण्यासाठी एकूण रोध २.५ किलोओहमवर यायला हवा. त्यातले २ तर बांधाचेच. म्हणजे सेन्सरचा स्वतःचा रोध जेमतेम अर्ध्या किलोओहमवर उतरला पाहिजे, आणि त्यासाठी हवा तापायला हवी सुमारे ११३ अंशांपर्यंत!

तिथवर गोष्ट जात नाही, कारण वाटेत थर्मल फ्यूज उभा असतो. यात एक घन गोळी असते, ठरलेल्या तापमानाला ती वितळते, आतली स्प्रिंग सुटते आणि हीटरचा रस्ता कायमचा तुटतो. कित्येक अमेरिकी ड्रायरमध्ये हवा बाहेर पडते तिथला फ्यूज ९१ अंशांचा असतो. काकूंच्या यंत्रातही त्याने आपलं काम दोनदा चोख केलं होतं, आणि ते शेवटच्या टप्प्यात केलं होतं. कपडे ओले असताना पाण्यानेच तापमान रोखून धरलं. ओल संपताच हवा भराभर तापली, बोर्डाला ती कमी तापलेली दिसली आणि फ्यूजने स्वतःला वितळवून घेतलं. पुढच्या वेळी ऊब नाही, म्हणून तापमान चढत नाही, म्हणून पुन्हा ‘सेन्सर दोष’. सगळे दुवे एकमेकांत अडकले होते.

न्हाणीघरातल्या भाषेत सांगायचं तर कोपर शाबूत होतं, फक्त त्याच्यावर कोणीतरी कापड गुंडाळलं होतं. कोमट पाण्यात त्याचा फरक पडत नव्हता. कढत पाण्यात बाळ भाजलं असतं.

म्हणून सांगतो, थर्मल फ्यूज पुन्हा उडाला तर ती त्या फ्यूजची कमजोरी समजू नका. घरात काहीतरी प्रमाणाबाहेर तापतंय, असं तो सांगत असतो. आणि ‘तेवढ्यापुरता’ म्हणून तो तारेने जोडून घेण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. शेगडीशेजारी बसून कपडे राखणारं माणूस आता कुणाच्या घरी नाही. त्याच्या जागी हा एवढासा फ्यूजच बसलेला आहे.

सेन्सरच गेला असेल तर

प्रत्येक वेळी जोडच दोषी असतो असं नाही. सेन्सरपाशी मोजल्यावर आकडाच येत नसेल तर मणी आतून तुटलेला आहे. शून्याजवळ आकडा येत असेल तर आत शॉर्ट आहे. आकडा बरोबर वाटला तरी तो दोन तापमानांना पाहावा. सेन्सर मुठीत धरला की अंगाच्या उबेने मिनिटभरात रोध संथपणे, न अडखळता उतरला पाहिजे. मग सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि पाण्याने भरलेल्या वाटीत बुडवावा. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य अंश असतं, त्यासाठी वेगळा थर्मामीटर लागत नाही. काकूंच्या ड्रायरमधल्यासारख्या १० किलोओहमच्या मण्याचा आकडा तिथे ३२ ते ३४ किलोओहमच्या दरम्यान यावा. आकडा मधेच उडी मारत असेल तर आत बारीक तडा आहे. एक टोक सेन्सरच्या तारेला आणि दुसरं यंत्राच्या उघड्या धातूला लावून पाहावं, तिथे काहीही जोडणी दिसता कामा नये. तारा हाताने हलवत मापाकडे लक्ष ठेवावं. आमच्याकडे उंदीर वायरचं आवरण कुरतडतात, तो दोष असा हलवूनच सापडतो.

सेन्सर बदलायचा ठरलं तर त्याच यंत्राचा, त्याच क्रमांकाचा आणावा. बाजारात १० किलोओहमचे थर्मिस्टर ढिगाने मिळतात आणि २५ अंशांना ते सगळे सारखेच दिसतात, पण त्यांचा पुढचा उतार वेगवेगळा असतो. हा उतार एका आकड्याने सांगतात: ३९५० उताराच्या जागी ३४३५ उताराचा बसवला तर बोर्ड ६० म्हणेल तेव्हा आत ६६ अंश असतील. नाजूक कपड्यांच्या बाबतीत सहा अंश थोडे नाहीत.

ड्रममध्ये दिसणाऱ्या दोन चकचकीत पट्ट्या हा वेगळा सेन्सर आहे, हेही सांगायला हवं. तो ओल पाहतो, तापमान नाही. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर त्याच्यावर चढला की यंत्राला ओले कपडे कोरडे वाटतात आणि ते लवकर थांबतं. ओल्या फडक्यावर थोडा व्हिनेगर घेऊन पुसल्याने तो बहुतेक वेळा सुधारतो. सेन्सर, वायरिंग, फ्यूज, हीटर, हवेची वाट हे सगळं तपासून निर्दोष ठरलं, तरच बोर्डावर बोट ठेवावं. बोर्ड हा ड्रायरमधल्या महागड्या भागांपैकी एक. त्याच्याकडे वळण्याआधी ही अर्ध्या तासाची चौकशी करायलाच हवी.

दुसऱ्या दिवशी

मेकॅनिक आला. मी त्याला दोन आकडे दाखवले तेव्हा त्याने स्वतः पुन्हा मोजून खात्री केली. त्याने तो मधला जोड कापून काढला, नव्या पिना क्रिम्प केल्या, नवा जोड टाकीपासून दूर, उंचावर बांधला आणि त्याच मापाचा नवा फ्यूज बसवला. मोजल्यावर दोन्ही टोकांना आकडा सारखा आला.

मग काकूंनी ओली दुपटी घातली. कपडे वाळत आले तेव्हा आम्ही यंत्र मधेच थांबवलं, प्लग काढला आणि बोर्डाजवळच्या तारांवर मोजलं. ३.१ किलोओहम, म्हणजे ५४ अंश. काकूंच्या स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर हवेच्या वाटेत धरला होता, त्याने ५२ दाखवले. काकूंनी एक दुपटं बाहेर काढलं, बाही वर केली आणि ते कोपराशी धरून पाहिलं.

“आता बरोबर ऊन आहे,” त्या म्हणाल्या आणि घडी घालायला बसल्या.

पत्रा लावण्याआधी मेकॅनिकने खिशातलं मार्कर काढलं आणि आतल्या बाजूला, पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला दिसेल अशा जागी लिहिलं: ‘२७ अंश, ९.२, दोन्ही टोकांना’. खाली तारीख घातली. मग एकेक स्क्रू घट्ट करत गेला.